योसेमिटीचा निर्मनुष्य देखावा

गेल्या मे महिन्यांत कॅलिफोर्नियांत भाचीकडे आमचें कांहीं दिवस राहणें झालें, आणि त्यांतले दीड दिवस योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या वांट्यास आले. सुमारें बाराशें चौरस मैलांचा तो प्रदेश दीड दिवसांत पाहणें म्हणजे पंढरीस जाऊन दुरून कळसाला हात जोडून परतण्यासारखेंच. पण कळसाचें दर्शनहि दर्शनच, अशी मनाची समजूत घालून आम्ही निघालों. बरोबर भाची, जांवई आणि त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा. कॅमेरा असा कोणापाशींच नव्हता. चौघांच्या खिशांत चार फोन होते, आणि हल्लीं तेवढ्यावर काम भागतें.

पहिली दुपार मारिपोसा येथील प्रचंड वृक्षांच्या राईंत गेली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नऊच्या सुमारास वावोनाच्या लांबलचक बोगद्यांतून गाडी बाहेर पडली आणि एकदम सारी दरी समोर उभी राहिली. डाव्या हातास एल कॅपिटनचा तीन हजार फुटांचा कडा, उजवीकडे वाऱ्यानें हेलकावणारा ब्राइडलव्हेलचा धबधबा, मध्यें पार मागें हाफ डोमचें अर्धवट कापल्यासारखें डोकें, आणि खालीं काळ्याभोर देवदारांचा गालिचा. हा बोगदा १९३३ सालीं खुला झाला व त्याच्या तोंडाशीं देखावा पाहण्यासाठीं मुद्दाम सज्जा बांधण्यांत आला. त्या सज्ज्यावर आम्ही गेलों त्या वेळीं निदान शंभर माणसें असतील, आणि बहुतेकांचे हात एकाच उंचीवर, एकाच दिशेला उचललेले होते. आम्हींहि आपला हात उचलला. आमच्या हातून निघालेला फोटो शेजारच्या जपानी गृहस्थांच्या फोटोहून निराळा ओळखूं येता तर आम्हांस नवल वाटलें असतें.

तेवढ्यांत भाचीचा मुलगा म्हणाला, "आजोबा, तुमच्या फोटोंत माणसें फार आलीं आहेत. काढून टाकूं का?" आम्ही होय म्हणण्यापूर्वींच त्यानें पडद्यावर बोटानें चारदोन गोल काढले. कठड्यावरचीं माणसें एकामागून एक नाहींशीं झालीं, आणि जेथें त्यांचे खांदे व टोप्या होत्या तेथें दगड व झुडपें उगवलीं. दरी अगदीं निर्मनुष्य झाली. चित्र खरोखरच सुधारलें होतें, हें कबूल केलें पाहिजे. तथापि मनाला कोठें तरी टोंचलें, आणि कां टोंचलें याचा शोध घेतां घेतां आम्ही घरीं परतल्यावर ग्रंथालयांतलीं पुस्तकें उपसूं लागलों. त्यांतून जें हातीं आलें तें येथें मांडीत आहों.

१८५१ चा मार्च महिना या कथेंत दोनदां येतो. त्या महिन्यांत लंडनच्या एका रसायनविषयक मासिकांत फ्रेडरिक स्कॉट आर्चर नांवाच्या शिल्पकारानें कांचेवर छायाचित्र घेण्याची नवी रीत प्रसिद्ध केली. तिचा मक्ता त्यानें घेतला नाहीं. ती सर्वांस खुली ठेविली. त्याच महिन्याच्या २७ तारखेस, पांच हजारांहून अधिक मैलांवर, मारिपोसा पलटण या नांवानें जमविलेली स्वारांची टोळी योसेमिटीच्या दरीच्या काठावर येऊन पोंचली. सोन्याच्या शोधासाठीं आलेल्या गोऱ्यांच्या लोंढ्यांत डोंगरांतल्या मूळ रहिवाशांचीं गांवें व शिकारीचीं रानें बुडत होतीं. त्यांनीं व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर हल्ले केले. तेव्हां त्यांस पकडून सपाटीवरच्या राखीव मुलखांत कोंडावें, या हेतूनें ही पलटण निघाली होती. या दरीला तेथील लोक आवानी म्हणत, म्हणून ते आवानीची. त्यांचा म्होरक्या तेनाया.

पलटणींत लाफाएट बनेल नांवाचा एक तरुण होता. पुढें १८८० सालीं त्यानें या स्वारीची हकीकत पुस्तकरूपानें छापली. काठावरून प्रथम दरी पाहतांच आपले डोळे भरून आले असें तो सांगतो, आणि त्याचें हें सांगणें खोटें मानण्याचें कांहीं कारण आम्हांस दिसत नाहीं. त्या रात्रीं शेकोटीभोंवतीं बसून दरीला योसेमिटी हें नांव द्यावें असें त्यानेंच सुचविलें. हें नांव त्या जमातीचें, आणि त्याचा अर्थ अस्वल, अशी त्याची समजूत होती. भाषाभ्यासक आतां असें सांगतात कीं शेजारच्या मिवोक लोकांनीं भीतीनें दिलेल्या या नांवाचा अर्थ 'मारेकरी' असा आहे. ज्याचे डोळे भरून आले त्याच्याच सोबत्यांनीं दुसऱ्या दिवसापासून झोंपड्यांना व हिंवाळ्यासाठीं सांठविलेल्या ओकफळांच्या कोठारांना आगी लावल्या. मे महिन्यांत दुसरी स्वारी झाली, तींत तेनायाचा धाकटा मुलगा कैदेंतून पळतांना गोळी लागून पडला. पुढें वरच्या एका सरोवराकांठीं सारी जमात धरली गेली, तेव्हां बनेलनें तेनायास मोठ्या आनंदानें सांगितलें कीं या सरोवरास आम्ही तुझें नांव देत आहों. म्हातारा म्हणाला कीं त्याला नांव आहे. आम्ही त्याला पायविआक म्हणतों. बनेलनें हाहि संवाद प्रामाणिकपणें लिहून ठेवला आहे. नकाशावर मात्र आज तेनाया हेंच नांव आहे.

याच १८५१ सालीं न्यूयॉर्क प्रांतांतल्या एका खेड्यांतून कार्लटन वॉटकिन्स नांवाचा तरुण सोन्याच्या मोहानें कॅलिफोर्नियांत उतरला. सोनें त्याच्या नशिबीं नव्हतें. तो छायाचित्राच्या धंद्यांत पडला, आणि १८६१ च्या उन्हाळ्यांत योसेमिटींत शिरला. त्याच्या आधीं दोन वर्षें, १८५९ सालीं, चार्ल्स वीड यानें तेथें कॅमेरा नेला होता. पण वॉटकिन्सनें जें केलें तसें कोणी केलें नव्हतें. त्यानें अठरा इंच बाय बावीस इंच एवढी कांच मावेल असा कॅमेरा मुद्दाम बनवून घेतला. त्या काळीं चित्र मोठें करून छापण्याची सोय व्यवहारांत नव्हती. कांच कागदावर ठेवून उन्हांत छापावयाची, त्यामुळें जेवढी कांच तेवढेंच चित्र. मोठ्या डोंगराचें मोठें चित्र हवें असेल तर कांचहि मोठीच न्यावी लागे.

आणि ती नेणें म्हणजे काय, हें आर्चरची रीत ध्यानांत घेतल्यावांचून कळणार नाहीं. स्वच्छ कांचेवर कलोडियन नांवाचें चिकट द्रव्य ओतावयाचें व कांच चहूंकडे कलती करून तें सारखें पसरावयाचें. मग अंधारांत ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची. ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालून तिच्यावर प्रकाश घ्यावयाचा. आणि लेप वाळण्यापूर्वीं पुन्हां अंधारांत नेऊन चित्र उजळावयाचें व धुवावयाचें. हा सारा खटाटोप मिनिटांच्या हिशेबांत उरकावा लागे. म्हणून चित्रकार जाईल तेथें त्याची काळोखी खोली, म्हणजे तंबू, बरोबर जाई. शिवाय औषधांच्या बाटल्या, तिवई, आणि फुटणार नाहींत अशा बेतानें बांधलेल्या कांचांच्या पेट्या. वॉटकिन्सला यासाठीं डझनभर खेचरें लागलीं असें सांगतात. आपल्या इकडे सॅम्युएल बोर्न हा इंग्रज १८६३ पासून हिमालयांत हेंच सामान हमालांच्या पाठीवर लादून हिंडत होता. त्या उन्हाळ्याच्या श्रमांतून वॉटकिन्सनें तीस मोठ्या कांचा व सुमारें शंभर जोडचित्रें परत आणलीं. आम्ही दीड दिवसांत चारशें बारा फोटो काढले. मोजदाद भाचीच्या मुलानें केली, आमच्या लक्षांतहि आली नसती.

वॉटकिन्सच्या चित्रांत दगड आहे, पाणी आहे, झाडाची साल न् साल आहे. पण आकाश बहुधा कोरें. याचें कारण त्याची आवड नव्हे. ओली कांच निळ्या प्रकाशाला फार हळवी असते, हिरव्याला मंद. झाडें उमटावींत म्हणून कांच उघडी ठेवली कीं तेवढ्या वेळांत आकाश करपून पांढरें होई व ढग पुसले जात. फ्रान्समध्यें गुस्ताव्ह ल ग्रे यानें १८५६-५७ च्या सुमारास यावर उपाय काढला होता: समुद्राची एक कांच, आकाशाची दुसरी कांच, आणि क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जोडून एकच छाप. लोक थक्क झाले. सज्ज्यावर आमच्या फोनानें नेमकें हेंच केलें, आणि आम्हांस कळूंहि दिलें नाहीं. सकाळची वेळ, सूर्य समोर, हाफ डोम धुक्यासारख्या उजेडांत बुडालेला, खालचें रान काळेंमिट्ट. डोळे बारीक करून पाहावें लागत होतें. पण पडद्यावर आकाश निळें व रान हिरवें, दोन्ही एकदम. वाटाण्याएवढ्या भिंगांतून फोन एका दाबांत भराभर अनेक चित्रें घेतो, कांहीं अंधुक, कांहीं उजळ. हात हालला असेल तर तीं एकमेकांवर नीट बसवितो. आणि प्रत्येकाचा चांगला भाग उचलून एक चित्र बनवितो. १८५७ सालीं एका कुशल माणसाला जें दिवसभर करावें लागे तें आतां पापणी लवण्यापूर्वीं होतें. ही सोय आयफोनांत २०१० सालीं आली, आणि आज तिचा कोणी उल्लेखहि करीत नाहीं.

तेव्हां चित्र खोटें म्हणावें काय? आमचें तसें मत नाहीं. याच दरींत १० एप्रिल १९२७ रोजीं अॅन्सेल अॅडम्स हाफ डोमच्या समोरच्या कड्यावर चढला. जवळच्या बारा कांचांपैकीं दोनच शिल्लक राहिल्या होत्या. एक पिवळ्या गाळणींतून घेतली. मग, डोंगर पाहून आपल्या मनांत जें उठलें तें हिच्यांत उतरणार नाहीं असें वाटून, शेवटची कांच गडद लाल गाळणींतून घेतली. आकाश जवळजवळ काळें आलें व पांढरा कडा त्यांतून उसळून निघाला. त्या दुपारीं आकाश काळें नव्हतें. तरी त्या चित्रानें कोणाची फसवणूक केली असें आम्ही म्हणणार नाहीं. आकाश पांढरें, जोडलेलें, काळें कीं निळें, हा चित्रकाराच्या भाषेचा प्रश्न आहे. माणसें पुसण्याची गोष्ट निराळी.

पण त्याआधीं त्या तीस कांचांचें पुढें काय झालें तें सांगितलें पाहिजे. १८६२ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्कच्या एका चित्रदालनांत त्या चित्रांचें प्रदर्शन झालें. देशांत यादवी युद्ध पेटलेलें, रोज मृतांच्या याद्या छापल्या जात होत्या. अशा वेळीं पूर्वेकडच्या लोकांनीं हे शांत, अखंड कडे पाहिले. १८६४ च्या फेब्रुवारींत आगबोट कंपनीचा एक अधिकारी, इझ्राएल रेमंड, यानें कॅलिफोर्नियाचे सेनेटर कॉनेस यांस पत्र लिहून ही दरी राखून ठेवावी असें सुचविलें, आणि पत्रासोबत दरीचीं कांहीं चित्रें धाडलीं. तीं वॉटकिन्सचीं असावींत असा बहुतेकांचा तर्क आहे. लिंकननें तीं चित्रें पाहून सही केली, ही कथा मात्र लोकांनीं मागाहून रचलेली दिसते. तिला आधार आम्हांस सांपडला नाहीं. ३० जून १८६४ रोजीं सही झाली एवढें खरें. दरी व मारिपोसाची राई कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन झाली, सार्वजनिक उपयोगासाठीं व विहारासाठीं, कधींहि न विकण्याच्या अटीवर. सामान्य जनतेसाठीं निसर्ग राखून ठेवण्याचा असा कायदा अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारानें पूर्वीं केला नव्हता. दुसऱ्याच वर्षीं उद्यानरचनाकार ओल्मस्टेड यानें आपल्या अहवालांत, पूर्वेकडच्या लोकांना या दरीची कल्पना आली ती बिअरस्टाडच्या रंगचित्रांनीं व वॉटकिन्सच्या छायाचित्रांनीं, असें नमूद केलें आहे. १८५५ ते १८६४ या काळांत तेथें गेलेले प्रवासी सारे मिळून सातशेंहि भरत नाहींत. म्हणजे दरी वांचविणाऱ्या बहुतेकांनीं ती डोळ्यांनीं पाहिलेली नव्हती. त्यांनीं चित्र पाहिलें होतें.

वॉटकिन्सला याचें फळ काय मिळालें? दहाबारा वर्षांत तो कर्जांत बुडाला; चित्रदालन व कांचा सावकारांच्या हातीं गेल्या आणि त्याच कांचांवरून दुसऱ्याच्या नांवानें छाप विकले जाऊं लागले. म्हातारपणीं दृष्टि अधू झाली. कांहीं काळ बायकामुलांसह आगगाडीच्या एका निकामी डब्यांत त्यानें बिऱ्हाड केलें. १९०६ च्या एप्रिलांत सान फ्रान्सिस्कोला भूकंप व आग झाली, तींत उरलेलें सर्व जळालें. १९१० सालीं त्याला वेड्यांच्या इस्पितळांत ठेवण्यांत आलें, आणि १९१६ सालीं तो तेथेंच वारला. त्याच वर्षीं अमेरिकेंत राष्ट्रीय उद्यानांचें स्वतंत्र खातें निघालें. दरीच्या एका शिखरास त्याचें नांव आहे.

आतां माणसांकडे वळूं. वॉटकिन्सच्या चित्रांत माणसें मुळींच नाहींत असें नाहीं. मारिपोसाच्या राईंतल्या प्रचंड ग्रिझली वृक्षाच्या बुंध्याशीं त्यानें गेलन क्लार्क याला उभें केलें आहे, पण तें झाडाची जाडी समजावी म्हणून, मापाच्या काठीसारखें. आम्ही आदल्या दुपारीं त्याच झाडाखालीं जांवयाला त्याच हेतूनें उभें केलें होतें! दरीच्या थोर देखाव्यांत मात्र कोणी नाहीं. आणि दरी रिकामी नव्हती. तेनाया १८५३ मध्यें मारला गेला तरी त्याच्या लोकांपैकीं बरेचजण हळूहळू परतले होते. ते तेथें रहात, मासे धरीत, ओकफळें वेंचीत, आणि पुढें खाणावळींतून मोलमजुरीहि करूं लागले. १८७२ सालीं एडवर्ड मयब्रिज यानें त्यांची कांहीं जोडचित्रें घेतलीं. परंतु तीं कुतूहलाचा माल म्हणून वेगळीं विकलीं गेलीं. देखावा निराळा, माणूस निराळा. वॉटकिन्सनें कोणाला पुसलें नाहीं; त्यानें कॅमेरा कोठें ठेवावा एवढेंच ठरविलें. पण कायदा झाला तो त्या चित्रांतल्या दरीसाठीं, आणि त्या दरींत कोणी रहात नव्हतें.

येथें आम्हांस आमच्या सकाळच्या चालण्याची आठवण होते. सज्ज्याच्या वरच्या अंगास दीड मैलाच्या आंत जुना इन्स्पिरेशन पॉइंट आहे. जुना रस्ता तेथून जाई, आणि गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत प्रवासी दरीचें प्रथम दर्शन घेत तें तेथून. वॉटकिन्सची जागा पाहूं, म्हणून जांवयाला घेऊन आम्ही ती हजार फुटांची चढण चढलों. पन्नाशी उलटलेल्या माणसानें असले हट्ट करूं नयेत, असें भाचीचें मत पडलें व तें बरोबर होतें. वर पोंचून पाहतों तों समोर झाडें. देवदार व पाइन यांची भिंत. फटींतून एल कॅपिटनचा तुकडा दिसे, बाकी कांहीं नाहीं. फोन काढला आणि परत ठेवला. जांवई म्हणाले, "मामा, पत्ता चुकला वाटतें आपला." पत्ता बरोबर होता. झाडें नवीं होतीं.

ही झाडें कोठून आलीं, याचें उत्तर वॉटकिन्सच्या कांचांवरच आहे. त्यांत दरीचा तळ मोकळा दिसतो: लांबरुंद कुरणें, मधून मधून ओकांचे विरळ समूह, एखाद्या श्रीमंताच्या बागेसारखे. तेव्हांच्या प्रवाशांना ही निसर्गाची कलाकुसर वाटली. ती तशी नव्हती. आवानीची लोक ठरावीक काळानें दरीच्या तळाला हलकी आग लावीत. त्यानें देवदारांचीं रोपें मरत, ओक टिकत, ओकफळें वेंचण्यास जमीन मोकळी राही, हरणांना गवत मिळे, आणि टोपल्या विणण्यासाठीं नवे सरळ कोंब फुटत. लोक हटले, आगी बंद झाल्या, आणि त्यांची जागा देवदारांनीं घेतली. ज्या क्लार्कला वॉटकिन्सनें झाडाखालीं उभें केलें तोच पुढें दरीचा पहिला रखवालदार झाला, आणि १८९४ सालीं त्यानें लिहून ठेविलें कीं १८५५ मध्यें आपण पाहिलेलीं मोकळीं कुरणें आतांच्या चौपट होतीं. नव्या छायाचित्रकारांनीं त्याच जागांवरून पुन्हां चित्रें घेऊन जुन्यांशेजारीं मांडलीं, तेव्हां हा बदल कोणालाहि दिसूं लागला. आजचे अधिकारी मोजकी आग मुद्दाम लावतात, आणि कांहीं ठिकाणीं देखावा मोकळा राहावा म्हणून झाडेंहि तोडतात.

याचा अर्थ आम्हांस असा दिसतो कीं वॉटकिन्सच्या निर्मनुष्य चित्रांत ते लोक आहेत. त्यांचे चेहरे नाहींत, पण त्यांच्या हातचें काम कांचेच्या निम्म्या भागावर पसरलेलें आहे. लोकांनीं ज्याला अस्पर्श निसर्ग समजून राखलें तें पुष्कळ अंशीं कोणाचें तरी राखलेलें रान होतें. आणि तरीहि, हीं चित्रें नसतीं तर १८६४ चा कायदा झाला असता काय, आणि कायदा नसता तर लांकडाच्या व खाणींच्या व्यापाऱ्यांनीं या दरीचें काय केलें असतें, हा प्रश्न आम्हांस सोडवितां येत नाहीं. दोन्ही गोष्टी एकाच कांचेवर उमटलेल्या आहेत, आणि एक खरवडली तर दुसरीहि जाईल.

उरलेली हकीकत थोडक्यांत. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत उद्यानाच्या खात्यानें मूळ रहिवाशांना दरींतल्या एका नव्या जागीं पंधरा लहान लांकडी घरें बांधून दिलीं. १९५३ सालीं नियम झाला कीं जे उद्यानाच्या कायम नोकरींत असतील त्यांनींच व त्यांच्या कुटुंबांनींच तेथें रहावें. एकेक म्हातारा नोकरींतून निघाला कीं घर पाडलें जाई. १९६९ मध्यें शेवटचीं घरें, आग विझविण्याचा सराव म्हणून, जाळण्यांत आलीं. २०१८ सालीं उद्यानाच्या अधिकाऱ्यांनीं मिवोक लोकांच्या मंडळाशीं तीस वर्षांचा करार केला, आणि त्या जागीं पुन्हां लांकडी घरें व समारंभाचें गोल घर उभारण्यास त्यांना मोकळीक मिळाली. त्या जागेला वाहोगा म्हणतात.

हें सारें आम्हांस पुण्यास परतल्यावर समजलें. वाहोगा योसेमिटी धबधब्यापासून पश्चिमेकडे बाहेर पडणाऱ्या रस्त्याच्या कडेस आहे. संध्याकाळीं परततांना आमची गाडी तेथूनच गेली. फोनांतले चारशें बारा फोटो आम्ही पुन्हां एकदां सावकाश चाळले. धबधब्याचे एकतीस आहेत, एल कॅपिटनचे सत्तावीस. त्या वळणावर काढलेला एकच सांपडला: गाडीच्या कांचेंतून घेतलेला, हाललेला, झाडांच्या बुंध्यांचा. त्यांच्यामागें कांहीं आहे कीं काय हें तो मोठा करून पाहिला तरी कळत नाहीं. मुलाला तो पाठवून विचारलें, तेव्हां त्याचें उत्तर आलें कीं हा फोटो बिघडलेला आहे, आजोबा, काढून टाका. आम्ही तो ठेवला आहे.